पंचावन्न इंची लग्न

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद हवी. १६ तारखेला सासूबाईंची पंचाहत्तरी, आमच्याकडे, एव्हरशाईनच्या फ्लॅटवर. हौस एकच: आमच्या लग्नाच्या डीव्हीडीत सासऱ्यांना बघायचं. ते गेल्या वर्षी गेले. हलते-बोलते तेवढ्यातच उरलेत. पण सिनेमासारखं दिसावं म्हणून व्हिडिओवाल्याने वर-खाली काळ्या पट्ट्या टाकल्यात. चित्रही जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापाचं. नव्या पंचावन्न इंची टीव्हीवर चारही बाजूंनी काळं, मध्ये इवलंसं लग्न. सासूबाईंना शब्द दिला, भिंतभर दाखवतो. जावई इंजिनिअर आहे. सिव्हिल, पण इंजिनिअरच.

५ नोव्हेंबर
मेघना म्हणाली, रिमोटवर झूमचं बटण आहे. हसलो. बायकोला बटण आणि कन्व्हर्जन यातला फरक कोण समजावणार!

८ नोव्हेंबर, दुपारी ४
चित्र आडवं ताणलं. अख्खं वऱ्हाड गरगरीत. मेघनाने नवरीच्या वेषातल्या स्वतःला बघितलं आणि लॅपटॉप मिटला. कलेची कदर नाही.

९ नोव्हेंबर
ताणायचं नाही, कापायचं. सॉफ्टवेअर म्हणतं, वर-खाली काळ्या पट्टीच्या बहात्तर-बहात्तर ओळी कापा. सॉफ्टवेअर भित्रं आहे. जास्त कापलं की माणसं जास्त मोठी. एकशेवीस कापल्या.

१२ नोव्हेंबर
झालं! मंगळसूत्राचा सीन बघितला. मणी मोजून घ्या. मेघना म्हणाली, एकदा पूर्ण बघून घे. माझ्या कामावर माझा विश्वास आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार
मेघनाच्या माहेरहून, गिरीजहून सगळे आले, वाडीतला केळीचा घड घेऊन. मी छोटंसं भाषण केलं. वीस मिनिटं. मग कन्यादान लागलं. सासरे सहा फुटी. पडद्यावर मानेपासून खालचेच आले. अक्षता टाकताना सदरा, व्याह्यांना भेटताना सदरा. म्हटलं, क्लॅरिटी बघा! सासूबाईंनी हळूच विचारलं, जावईबापू, ह्यांचं तोंड कधी येतं? म्हटलं, पुढे येईल. पाठवणीत सासऱ्यांनी डोळे पुसले. रुमाल वर जाताना दिसला.
मेहुणा उमंग म्हणाला, जुनी डीव्हीडीच लावू. मी म्हटलं, हा माझ्या पंधरा दिवसांचा अपमान आहे. सासूबाई धड जेवल्या नाहीत. वाईट वाटलं. बासुंदी चांगली होती.

१७ नोव्हेंबर
मेघना डीव्हीडी घेऊन माहेरी गेली. संध्याकाळी फोन आला. उमंगच्या जुन्या लॅपटॉपवर लावली. सासऱ्यांचा चेहरा नखाएवढा. सासूबाईंनी तिथेच थांबवायला लावलं, लॅपटॉप मांडीवर घेतला, अर्धा तास झाला, देत नाहीत.
मी विचारलं, काळ्या पट्ट्या फार खुपल्या का?
मेघना म्हणाली, कोणाचं लक्षच गेलं नाही.