मलिका नाही म्हणाली तर

१४ नोव्हेंबर १९९०

पुन्हा सुरमई! या आठवड्यात तिसऱ्यांदा. फ्रीजमध्ये आता बर्फालासुद्धा जागा नाही.

नौशाद जिन्यातच थांबतो, डबा माझ्या लेकीच्या, नूरैनच्या हातात देतो आणि चालू लागतो. माझे यजमान मुस्तफा हयात होते तेव्हा खालच्या रस्त्यावरूनच ओरडायचा — "भाभी, ताजी मासळी आलीय!" आता भाभी म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. मुस्तफांच्या खानावळीत इतकी वर्षं मॅनेजरकी केली, इथल्या अख्ख्या शराफिया मोहल्ल्याला हाका मारून जेवायला बसवलं, आणि आता तोंडातून शब्द फुटत नाही!

मासूमा माझी नणंद, वरच्या मजल्यावर राहते. ती गालातल्या गालात हसते. "समाजला ना गो भाभी?"

समजलं की. न समजायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? इद्दत चालू आहे. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस विधवेला कुणी उघड मागणी घालायची नाही. आडून सुचवलेलं मात्र चालतं. म्हणून जो तो आडून बोलतोय. कुणी म्हणतं एकट्या बाईचं कठीण, कुणी म्हणतं नौशाद किती गुणाचा. अरे, एकाने तरी समोर येऊन काय ते बोला, म्हणजे नाही म्हणून मोकळी होईन!

१९ नोव्हेंबर

शाळेतून रजा घेतलीय, घराबाहेर पडायचं नाही. डोक्याला काहीतरी उद्योग हवा. अकरावीच्या मुलींना शिकवायचे ती बायझंटाइनची मलिका युडोकिया आठवली. नवरा मरताना तिच्याकडून लिहून घेतो, की दुसरं लग्न करणार नाही. मुलं लहान, सरहद्दीवर तुर्क, दरबारी टपून बसलेले. शेवटी ती शपथ मोडते आणि एका सेनापतीशी लग्न करते. लग्न लागलं की सेनापती बादशहा! पुढे तो लढाई हरला, कैद झाला. सुटून आला तर त्याच्याच माणसांनी त्याचे डोळे फोडले. मलिकेला मठात धाडलं.

मी हे बदलणार. माझ्या गोष्टीत सेनापती लढाई जिंकतो. बघू तरी पुढे काय होतं.

"त्या रूमच्या बायेचा तुला काय पडलाय?" मासूमा म्हणाली. बायझंटाइनला ती रूम म्हणते. म्हटलं, काही नाही. वेळ जातो.

२ डिसेंबर

जिंकला. वाजतगाजत परत आला. आता याचं पुढे करू काय?

११ डिसेंबर

आज मासूमा आडून बोलायची कंटाळली वाटतं. पलंगावर बसली आणि सुरूच झाली. खानावळ कागदावर कफीलची, म्हणजे आमच्या अरब जामीनदाराची, अबू फहदची. चालवायला कुणाला द्यायची ते तो ठरवणार, आणि मासूमाच्या मते तो मुस्तफांच्या घरच्या माणसालाच देईल. माझा आणि नूरैनचा इकामा, इथे राहायचा परवाना, मुस्तफांच्या इकाम्यावर. इद्दत संपेपर्यंत अबू फहद थांबलाय, भला माणूस आहे. पण नंतर? नूरैनची बारावीची परीक्षा मार्चमध्ये. त्याआधी रत्नागिरीला जावं लागलं तर पोरीचं वर्ष गेलं.

"नौशादशी निकाह केलास तर इकामा ऱ्हवंल, खानावळ घरात ऱ्हवंल, पोरगी परीक्षेला बसंल."

"आणि त्याला काय मिळेल?"

"खानावळ मिळंल ना गो!"

वा! म्हणजे मी ताटाबरोबर फुकट येणारी चटणी. त्या खानावळीतला मसाला माझ्या हातचा, मांडणी माझी, आणि भाव कुणाला, तर गल्ल्यावरच्या खुर्चीला! इतकी चिडले की भात करपला.

३० डिसेंबर

गोष्ट बिघडली. तीनदा लिहिली, तीनदा बिघडली. सेनापती जिंकला, तर मलिकेला त्याच्यापासून मुलगे होतात आणि पहिल्या नवऱ्याची मुलं कोपऱ्यात जातात. हरला, तर डोळे जातात. लग्नच नाही केलं, तर दरबारी गिळतात. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधे ही उभी मुकुट घालून! असली कसली मलिका, जिला एक धड वाट नाही?

नूरैनने डोकावून वाचलं. "अम्मी, इट्स ओन्ली अ स्टोरी. और नौशाद अंकल तो बस नाइस हैं."

नाइस! तुझं काय जातंय म्हणायला.

एक खरं लिहून टाकते, इथे कोण वाचतंय. (नूरैन, वाचत असशील तर थोबाडीत मिळेल.) जिन्यात त्याच्या चपला वाजल्या की मी उठून दारामागे जाऊन उभी राहते. त्याचा राग येतो म्हणून जाते असं मनाला सांगते. पण रागावलेली बाई आधी केसांवरून हात फिरवते का?

१७ जानेवारी १९९१

आखातातली लढाई सुरू झाली, खरीखुरी. विमानतळ बंद, शाळा बंद. डोक्यावरून जड विमानं जातात आणि कपाटातल्या बश्या थरथरतात. विषारी वायूच्या भीतीने सगळे खिडक्यांना टेप लावत सुटलेत. दुकानातला टेप संपला.

नौशाद टेप घेऊन आला. कुठून मिळवला कोण जाणे. जिन्यात उभं राहून नूरैनला समजावत होता — वरची फट आधी बुजव, मग खालची. मी दारामागे. त्याला ठाऊक होतं. जाताना म्हणाला, "अम्मीला सांग, मी हाय."

आहे म्हणजे? कोण आहे? मॅनेजर आहे, शेजारी आहे, की खानावळीचा उमेदवार आहे? लढाईतसुद्धा माणूस अर्धंच वाक्य बोलतो!

२१ जानेवारी

भीती वाटते. नूरैन झोपली की तिच्या उशाशी बसून राहते. "मी हाय" आठवतं आणि बरं वाटतं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच संताप येतो.

२५ जानेवारी

इद्दत संपली. न्हाले. मासूमाने अत्तर लावलं, नवे कपडे पुढे केले. "आज असरच्या नमाजानंतर येतोय तो. बोलायला."

आणि माझं डोकंच फिरलं. हा येणार, खाली मान घालून बसणार, सगळे बाकी सगळं बोलणार आणि खानावळीचं नाव कुणी काढणार नाही! मासूमाला म्हटलं, लाव फोन. सांग त्याला — खानावळ हवी तर कफीलकडे माग, माझ्याशी लग्न लावून नको. मी कुणाची शिडी नाही.

"असा नको गो बोलू भाभी. परत एकदा विचार कर."

विचार करकरून चार महिने गेले. तिच्या शेजारी उभी राहून शब्दन् शब्द बोलायला लावला.

तो म्हणाला, "बरं." एवढंच. मग म्हणाला, नूरैनला दुवा सांगा.

मासूमा अत्तराची कुपी उचलून वर गेली.

मलिकाही नाही म्हणाली. लिहून टाकलं. एकटी तख्तावर बसलीय, खलास. पण जिंकल्यासारखं काही वाटत नाहीये. चहा केला, तसाच राहिला.

२८ जानेवारी

अबू फहद स्वतः आला. दार अर्धं उघडून मी आणि मासूमा उभ्या. "नौशाद ने बोला नहीं?" खानावळ त्याने ऑक्टोबरातच नौशादच्या हवाली केली होती. आमचा इकामा परीक्षेपर्यंत ठेवायचा, हेही नौशादने तेव्हाच त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. मला का नाही सांगितलं? "वो बोला, इद्दत में बताएगा तो मैडम को लगेगा एहसान है. फिर ना कैसे बोलेगी."

म्हणजे तख्त आधीच त्याचं होतं. त्याला फक्त मी हवी होते.

परवा त्याने खानावळीच्या चाव्या कफीलला दिल्या, इस्मतबाईंना, म्हणजे मला, द्या म्हणून. काल ट्रकमधून हफर-अल-बातिनला गेला, फौजेच्या भटारखान्यात. सरहद्दीजवळ.

म्हटलं, तिकडचा फोन नंबर द्या. आत्ता द्या.

"उधर टेलिफोन नहीं है, मैडम."