एका पातेल्यातलं भरीत
डिसेंबर, रविवार

तोंड अजून भाजतंय. नरडाण्याच्या मळ्यात भरीत पार्टी होती. केळी परदेशी पाठवणारे माझे दीर, सुनीलभाऊजी, सांगत होते की युरोपसारखं शेजारच्या देशांनीही एकच चलन करावं, बदलाबदलीची कटकट जाते, व्यापार वाढतो. असेलही. पण एखादा देश अडचणीत आला, तर आपलं चलन स्वस्त करून माल खपवायची सोय त्याला राहील का? आणि व्याजदर कुणाच्या सोयीनं ठरणार? थोरल्या देशाच्याच ना?

पातेलं एकच होतं. मिरच्या सासऱ्यांनी, आबांनी, स्वतःच्या जिभेच्या हिशेबानं ठेचलेल्या. "बठ्ठासले चालस ना?" सगळ्यांना चालतं ना, असं त्यांनी विचारलं. डोळे पुसत सगळे हो म्हणाले. मीसुद्धा.

मग भाऊजींनी हळूच पिशवीतून डबा काढला. लेकीसाठी बिनमिरचीचं भरीत ते घरूनच घेऊन आले होते.