टेबलावर दोनदा टकटक

डेल्बर्ट,

आज रेनोच्या आपल्या जुन्या पोकर क्लबात शेवटच्या पानावर हरले. माझ्याकडे दोन एक्के होते आणि ट्रकवाल्या ऑर्विलला दोन तिर्ऱ्यांवर नेमकी तिसरी आली. "एक्के काय लोणचं घालायला ठेवले होतेस?" म्हणून खिदळला मेला. पुढच्याच डावात सगळं लावून त्याचं तोंड बंद करावंसं वाटलं. पण हात तुझ्यासारखाच टेबलावर गेला. दोनदा टकटक केलं, "छान खेळलास" म्हणाले आणि चिपा तशाच ठेवून बाहेर आले.

तू कितीही मोठा डाव हरलास तरी हेच करायचास. जरा बाहेर जाऊन यायचास आणि काही झालंच नाही असा खेळायचास. रागाच्या भरात खेळलेला तुझा एकही डाव मला आठवत नाही. सगळा क्लब तुला मानायचा.

मी सोडून जाते म्हणाले, तेव्हाही तू स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोनदा टकटक केलंस आणि मागच्या दारी गेलास. मला वाटलं, दगड आहे हा माणूस.

आत्ता गाडीला टेकून उभी आहे. रडू आवरत नाही. बाहेर जाऊन तू काय करायचास, ते आज कळलं.

हे पत्र टाकणार नाही. डोळे पुसून आत जायचंय, शांतपणे खेळायचंय.

एकेकाळची तुझी,
लोरेटा