उजव्या हाताचा मोजा

तिसगाव, ४ जुलै

चि. मच्छिंद्र यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. मजकूर तुझा, अक्षर सुकन्याचं. फोनवर विचारलं तर हो-हो करून सुटशील, म्हणून कागदावर विचारते: उजव्या हाताला काय झालं? खरं लिही. बायकोला खोटं लिहायला बसवू नकोस, तिच्या अक्षरावरून मला कळतं.

माया आहे, ती गृहीत धरू नये.

तुझी आत्या, पुष्पावती

नगर, ९ जुलै

ती. आत्यांस सा. न.

लोखंडी पत्रा लागला. आमच्या कंपनीत पत्रे तेल लावून येतात, एकाला एक चिकटतात. मोजा घालून सुटत नाहीत, म्हणून प्रेसवर सगळेच उजव्या हाताचा मोजा काढतात. थप्पीतून ओढताना कड तळव्यात घुसली. अंगठा अजून वळत नाही. सुपरवायझर म्हणाले, शनिवारी लागलंय, साडेसाती असणार, शिंगणापूरला तेल घाल. आणि डॉक्टरला शेतात विळा लागला म्हणून सांग, तर परत घेतो. मी तसंच सांगितलं. तोवर माझ्या जागी अंगद उभा आहे, सुकन्याचा धाकटा भाऊ. त्याला मीच तिथं लावलं होतं. रागावू नका.

आपला मच्छिंद्र

तिसगाव, १३ जुलै

चि. मच्छिंद्र यास आशीर्वाद.

रागावले आहे. शनीला मध्ये आणू नकोस. तेल त्या पत्र्यावर आधीच पुरेसं आहे. तू विळा म्हणालास म्हणून पत्रे तसेच येत राहिले आणि अंगदचा हात उघडा राहिला. जा, सगळ्यांसमोर खरं सांग. नोकरी गेली तर इकडे या. भाकरी मिळेल, बोलणीही मिळतील.

पुढचं पत्र स्वतःच्या अक्षरात हवं. वेडंवाकडं चालेल.

आत्या

नगर, १९ जुलै

ती. आत्यांस सा. न.

डाव्या हाताने लिहितोय. गेलो होतो. शिफ्ट बदलताना सगळ्यांसमोर सांगितलं, पत्र्याने कापलं, मोजा घालून काम होईल असं काहीतरी करा. सुपरवायझर रागावले नाहीत. डॉक्टरला विळा कोणी सांगितला, एवढंच विचारलं. मग अंगदकडे वळले. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "व्हय, दाजींना विळाच लागलाय." त्याचं लग्न ठरतंय, मुलीकडच्यांना नोकरीवाला हवा. मी गेटबाहेर आलो, तो मशीनवर गेला. तिकडे कसे येणार? तो आमच्याकडेच राहतो, त्याला सोडून सुकन्या निघत नाही.

काल अंगद हाताला चिंधी बांधून आला. सुकन्याने विचारलं, तर म्हणाला विळा लागला.

आत्या, आमच्या खोलीत विळा नाही.

लोभ कमी करू नये.

मच्छिंद्र