तीन पायऱ्या आणि साडेतीन लिटर

४ नोव्हेंबर, मंगळवार

ऑइल बदललं! मी! एकट्याने!

दहावीत दोनदा आपटलेला केनी आज व्हॅनच्या पोटाखाली झोपला, नट उघडला आणि काळं ऑइल बादलीत घेतलं. थोडं तोंडात. चव सांगत नाही.

व्हॅनचं ऑइल पपा नेहमी घरीच बदलायचे. जुलैत त्यांना झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकाच सकाळी गेली. आता ओटीवर खुर्चीत बसतात आणि केळीच्या वाडीकडे बघतात. चार महिन्यांत दोनच शब्द — ‘हं’ आणि ‘नको’.

खाली शिरता यावं म्हणून पुढची चाकं ब्लॉकवर चढवली होती. मग सीट उचलून नवीन ऑइल ओतलं. आमच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या डाव्या सीटखाली आहे. मम्मीच्या. ती जाऊन सहा वर्षं झाली, तरी सीट मम्मीचीच. मग गेज बघितलं, म्हणजे ती लांब पट्टी. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली! अजून ओतलं. तरी कमी. अजून. साडेतीन लिटरचा डबा संपला तरी गेज रडतंय!

तेवढ्यात ओटीवर ठक ठक ठक. पपा काठी आपटत होते. तोंड लाल. आणि बोलले — ‘च... र्च.’

चर्च!

आपल्यात आजारी माणूस असं अचानक चर्च मागतो तेव्हा काय समजायचं? देवाला बदल्यात काय काय द्यायला तयार होतो मी त्या दहा मिनिटांत! चपला न घालता फादर रॉबर्टकडे पळालो.

५ नोव्हेंबर

काल पुढचं लिहिलं नाही.

फादर सायकलवरून आले, शेवटच्या घटकेला लावतात त्या पवित्र तेलाची डबी घेऊन. पपांच्या कपाळाला लावायला गेले, तर पपांनी डाव्या हाताने त्यांचा हात बाजूला केला. बोट व्हॅनकडे. ‘नको. चर्च. गा... डी.’

फादर बघतच राहिले. मग हसायला लागले. किती हसले! ‘अरे केनी, तेल यांना नाही लावायचं. गाडीचं बघायचंय!’

मला आठवलं तेव्हा कपाळावर हात मारला. दर रविवारी मिस्सा सुटली की पपा चर्चच्या पटांगणात व्हॅनची सीट उचलायचे आणि गेज बघायचे. सगळं गाव सुटाबुटात, आणि माझा बाप पट्टी पुसायला बनियनचा तुकडा घेऊन. मला एवढी लाज वाटायची की मी शेजारच्या गॉडफ्रे अंकलच्या आड उभा राहायचो. कारण कधी विचारलंच नाही. कारण एवढंच — आमचं अंगण विहिरीकडे उतरतं, आणि उतारावर गेज खोटं दाखवतं. अख्ख्या आळीत सपाट जमीन फक्त चर्चची. आणि मी शहाणा, चाकं ब्लॉकवर तशीच ठेवून मोजत होतो!

गॉडफ्रे अंकल आणि मी पपांना खुर्चीसकट तीन पायऱ्या उतरवलं. अंकल बोलले, ‘केन्या, तुझी अक्कल पण उतारावरच मोजलेली दिसते.’ ऐकून घेतलं. त्यांच्या स्कूटरचा ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो, ती माझ्याच दुरुस्तीची करामत.

गाडी ब्लॉकवरून उतरवली, पपांना बसवून चर्चला नेली आणि पटांगणात दहा मिनिटं थांबलो. इंजिनमधलं सगळं ऑइल खाली उतरायला वेळ द्यायचा असतो. पट्टी काढली, पुसली, पूर्ण आत घातली, परत काढली. वरच्या खुणेच्या दोन बोटं वर. पपांनी हवेत हात झटकला. ‘काढ.’

तिसरा शब्द! नाही, पाचवा!

६ नोव्हेंबर

अंकल बोलले नट उघड. म्हणजे परत झोपा खाली. मला दुसरी आयडिया आली. हॉस्पिटलमधून पपांच्या नाकातल्या नळीची मोठी सिरिंज आणली होती ना, दूध द्यायची. तिला सलाइनची नळी जोडली, गेजच्या भोकातून आत सोडली. खेचलं की ऑइल वर! मधासारखं!

पहिली सिरिंज बाटलीत रिकामी केली आणि बाजूला आवाज आला.

‘ए...क.’

मी मान वळवली नाही. वळवली असती तर थांबले असते. दुसरी खेचली. ‘दोन.’ तिसरी. ‘ती...न.’ चौथीला ओठ हलले, आवाज नाही. दहा सिरिंज काढल्या. पपांनी तीन मोजल्या.

बाईंनी — त्या व्यायाम घ्यायला येतात त्यांनी — महिनाभर पपांना आकडे म्हणायला लावलं. पपा भिंतीकडे बघायचे.

७ नोव्हेंबर

आज गेज बरोबर. ऑइल दोन खुणांच्या मधोमध. पपांनी बघितलं, मान हलवली. घरी येऊन खुर्ची, वाडी. दिवसभर एक शब्द नाही.

चंदनसारहून फ्लॉसीताईचा फोन. ‘केन्या, ३० तारखेला रविवारी येते. काळूराम म्हणून एक जण जुन्या गाड्या घेतो, त्याला घेऊन. व्हॅन विकू आणि पपांना इकडे आणते. लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे.’

मी बोललो, पपा वाडीशिवाय जगतील का?

‘तू सांभाळणार त्यांना? तुला स्वतःची दहावी सांभाळता आली नाही!’

मग तीच रडायला लागली. ‘आत्ता तू नसताना घरात काही झालं तर ते तीन पायऱ्या उतरून कोणाला हाक तरी मारू शकतात का? सांग ना. कोणाचा हात न धरता त्या तीन पायऱ्या उतरले तर मी तोंड उघडणार नाही.’

तिचं चुकत नाही, तोच त्रास आहे.

८ नोव्हेंबर

दुपारी पपा झोपले. मी बाटलीतलं अर्धा लिटर परत इंजिनात ओतलं.

९ नोव्हेंबर, रविवार

संध्याकाळी पटांगणात गेज काढलं. ‘पपा! परत वर!’ — असा चेहरा केला ना मी, नाटकात बक्षीस मिळालं असतं.

‘काढ,’ पपा बोलले. डोळे चमकले.

पाचपर्यंत मोजलं.

१२ नोव्हेंबर

रोज दुपारी ओततो, रोज संध्याकाळी काढतो. आठपर्यंत आलोत! आज खुर्चीवरून स्वतः उठून उभे राहिले, मला उशीर झाला म्हणून. ‘च...ल.’ रागात!

१७ नोव्हेंबर

गॉडफ्रे अंकल कुंपणावरून — ‘अरे ही गाडी आहे की गाय? रोज दूध काढता!’

पपा हसले. आवाज काढून. तोंड एका बाजूला जातं हसताना, पण हसू तेच.

अंकलना संशय आलाय. त्यांना गप्प ठेवायला स्कूटरचा हॉर्न नीट करून दिला.

२१ नोव्हेंबर

खुर्ची बंद. पपा माझा खांदा धरून पायऱ्या उतरतात. पहिल्या दोन जमतात. तिसरी उंच आहे, तिथे थांबतात आणि खांदा असा आवळतात की बोटांचे वळ उठतात. मी खांदा जरा काढून बघितला. लगेच ‘नको’.

२३ नोव्हेंबर, रविवार

दहा मिनिटं थांबायची असतात ना ऑइल उतरायला, ती आता मला पुरत नाहीत. आधी मोबाइल बघायचो. आज पपांनी मम्मीच्या सीटवर हात ठेवला. ‘मर्सी... गरम.’

मर्सी म्हणजे मम्मी, पण गरम का ते कळायला वेळ लागला. खाली इंजिन, म्हणून सीट तापायची. वसईच्या बाजारात जाताना मम्मी पूर्ण रस्ता बडबडायची, खाली दुमडलेलं पोतं घेऊन बसायची. पपा हसत होते आणि रडत होते. मी बनियनचा तुकडा दिला. ऑइलचा होता. नाक काळं झालं.

सांगितलं नाही. तसेच घरी आणले. काय करू, हात शिवशिवतात.

२७ नोव्हेंबर

काल दहा! दहाच्या दहा!

पण तिसरी पायरी तशीच. तीन दिवस राहिले. दोनदा बोललो, ‘पपा, आज भिंत धरून बघा ना.’ नको. नको. मी चिडलो. ‘मग जा चंदनसारला, लिफ्टमध्ये बसा!’

आज आकडे मोजलेच नाहीत.

का बोललो मी.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पापनिवेदन केलं. तीन आठवडे बापाला फसवतोय, तेही सांगितलं. जाळीपलीकडे फादर रॉबर्टनी खोकल्यासारखं केलं. नक्की हसले.

मग बोलले, ‘चांगल्यासाठी असलं तरी ते त्यांना फसवणंच झालं, केनी. आजपासून ओतायचं नाही. तीन नमो मरिया म्हण. आणि पायऱ्यांचं त्यांच्यावर सोड.’

आज ओतलं नाही. ऑइलची बाटली पायरीजवळच्या कोनाड्यात ठेवली, सिरिंज धुऊन गाडीत ठेवली. उद्या गेज बरोबर येणार. पपांचा खेळ संपणार. आणि सकाळी अकराला ताई येणार.

३० नोव्हेंबर, रविवार, सकाळी दहा

काय चाललंय कळत नाही.

मी सातच्या मिस्सेला गेलो, आलो, पपांना गाडीत बसवून पटांगणात नेलं. दहा मिनिटं थांबलो. पट्टी काढली. वर! दोन बोटं वर!

मी ओतलंच नाही! आईशप्पथ नाही!

गॉडफ्रे अंकल मागून डोकावले. ‘ऑइलमध्ये पाणी शिरलं असेल. मग इंजिन गेलं समज.’ पण पाणी शिरलं तर ऑइल चहासारखं होतं म्हणतात. हे तर स्वच्छ, मधासारखं.

पपा बोलले, ‘काढ.’ एकदम स्पष्ट. बाटली घरीच होती, म्हणून रिकाम्या डब्यात काढलं, आणि त्यांनी दहा मोजले. माझ्याकडे बघत.

अंकल ऐकून घेतील तर ना! त्यांनी ताईला फोन करून सांगितलंसुद्धा. ती निघाली काळूरामला घेऊन. आता गाडी भंगारात जाणार.

३० नोव्हेंबर, संध्याकाळ

ताई अंगणात आली आणि पायऱ्यांशीच थांबली. ‘शी! ही भिंत कोणी घाण केली?’

मी बघितलं. दरवाजाजवळ ऑइल-काजळीचा एक काळा पंजा. मग थोडं खाली एक. तिसरा तिसऱ्या पायरीपाशी, बोटं पसरलेली, घसरत गेलेली. कोनाड्यातली बाटली रिकामी.

मी मिस्सेला गेलो तेव्हा घरात पपा एकटेच होते.

खुर्चीतून पपांनी हात वर केला. शाळेतल्या पोरासारखा. डावा. अजून काळा होता.