अभ्यासासाठी अटक

३ सप्टेंबर १९५६, सोमवार
आजपासून. म्हणजे आजपासूनच. मागचं सोडून द्यायचं. पहिल्या वेळी पेपर अवघड होते, दुसऱ्या वेळी तपासणारा खडूस होता. फर्स्ट एलएल.बी. या ऑक्टोबरात सुटलीच पाहिजे, कारण काल शामरावांनी आईला स्पष्ट सांगितलं. शामराव म्हणजे राधाचे वडील, कोर्टातले रिटायर्ड शिरस्तेदार. म्हणाले, हेरंबलाच मुलगी द्यायचा विचार आहे, पण यंदा पास झाला तर. नाहीतर दादरचं एक स्थळ आहे, मुलगा इंजिनिअर. इंजिनिअर! म्हणजे स्क्रू पिळणार.
राधानं चहा दिला तेव्हा माझ्या बशीत दोन बिस्किटं होती. बाकी सगळ्यांना एकेक. यावरून काय ते समजावं.
टाइमटेबल केलं. कॉन्ट्रॅक्ट लाल शाईनं, टॉर्ट निळ्या, क्रिमिनल लॉ हिरव्या. हिरवी शाई घरात नव्हती, ती शोधत ठाकुरद्वारपर्यंत गेलो. दिवस त्यातच गेला, पण टाइमटेबल देखणं झालंय.

५ सप्टेंबर
पहाटे उठणार होतो. गजरच झाला नाही. आई म्हणते झाला, मीच बंद केला. झोपेत केलेल्या कृत्याला माणूस जबाबदार नसतो, हा कायदा आहे. (कलम बघून ठेवणे.)
संध्याकाळी कॉन्ट्रॅक्ट उघडलं आणि शेजारच्या कोंडीरामनं तबला उघडला. धा धिं धिं धा. भिंत लाकडी फळ्यांची. ऑफर आणि अ‍ॅक्सेप्टन्स तीनतालात वाचता येत नाही. कोंडीरामला समजावायला गेलो, त्यानं चहा दिला आणि तबल्यातला कायदा नावाचा प्रकार वाजवून दाखवला. म्हणाला हाही कायदाच, वकीलसाहेब. हलकट.

८ सप्टेंबर
गणपती बसले. विद्येची देवता घरात असताना पुस्तकात तोंड खुपसून बसणं बरं दिसत नाही.

१६ सप्टेंबर
चाळीच्या गणपतीपुढे माझं भाषण झालं. विषय: कायदा आणि संयुक्त महाराष्ट्र. टाळ्याच टाळ्या. शामराव पहिल्या रांगेत होते. राधा बायकांत बसली होती आणि हसत होती, बहुतेक अभिमानानं. अभ्यास नाही झाला, वक्तृत्व झालं. वकिलाला दुसरं काय लागतं?

२४ सप्टेंबर
गणपती गेले, आता कारण उरलं नाही, असं जगदीश म्हणाला. जगदीश माझ्याच वर्गात. आमचं लॉ कॉलेज म्हणजे एका शाळेच्या माडीवरच्या दोन खोल्या, त्यात हा पहिल्या बाकावर बसून प्रोफेसरांचं खोकणंसुद्धा उतरवून घेतो. मी माझ्या अडचणी सांगितल्या: तबला, नळावरची भांडणं, आईचं भजनी मंडळ, गॅलरीत वाळत घातलेल्या गोधड्यांमुळे येणारा अंधार. तो म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. मैत्री म्हणून ऐकून घेतलं.

१ ऑक्टोबर
संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गेलो. घसा बसला. जगदीश आला नाही, घरी टॉर्ट वाचत बसला होता. असल्या माणसांमुळेच मुंबई हातची जाईल.

२ ऑक्टोबर
घसा बसल्यामुळे मोठ्यानं वाचता येत नाही. मनात वाचलेलं माझ्या लक्षात राहत नाही.
दुपारी जरा पडल्या पडल्या वाचत होतो तर आई म्हणाली, मेल्या, पुस्तक पोटार ठेवन निजल्यार अभ्यास पोटात जातलो काय रे? या घरात विद्वानाची किंमत नाही.

५ ऑक्टोबर
सापडलं!
कोंडीरामचा मेहुणा धोंडू लालबागहून आला होता. गिरणीत आहे. गेल्या महिन्यात बंदी मोडून सत्याग्रह केला, आठवडाभर आत होता. मी विचारलं, आत काय हाल झाले? तो म्हणाला हाल कसले, इतकं शांत की कंटाळा आला.
इतकं शांत!
मोठमोठ्या माणसांनी तुरुंगात ग्रंथ लिहिले, ते काय उगीच? मी फक्त वाचणार आहे. दहा तारखेला आमच्या फणसवाडीची तुकडी जाणार आहे. नाव दिलं. एक आठवडा आत, सगळा पोर्शन पुरा, सतराला बाहेर, बावीसला परीक्षा. देशसेवा होईल, अभ्यास होईल, शामराव खूश होतील. एका दगडात तीन पक्षी.

९ ऑक्टोबर
राधाला देवळात गाठून सांगितलं. तिला वाटलं मी चेष्टा करतोय. मग म्हणाली, पुस्तकं घरी वाचता येत नाहीत का? मी तबल्याचं सांगितलं. तिनं विचारलं, तबला चोवीस तास असतो? बायकांना चळवळ कळत नाही.

१० ऑक्टोबर
तुकडीत आम्ही सव्वीस जण. सगळ्यांच्या हातात झेंडे, माझ्या खांद्याला पुस्तकांची पिशवी. आईनं ओवाळलं, नाकातून रडत. कोंडीराम पुढे ढोलकी वाजवत होता. नाक्यावर घोषणा दिल्या, पोलिसांनी गाडीत घातलं. सबइन्स्पेक्टरनं पिशवी उचलून विचारलं, दगड आहेत का? म्हटलं, कॉन्ट्रॅक्ट आहे. तो हसला नाही.

११ ऑक्टोबर
कोर्ट. घोटाळा झाला.
मॅजिस्ट्रेट आज भलताच मवाळ. गुन्हा कबूल? कबूल. कोर्ट उठेपर्यंत कैद, जा घरी. एकामागून एक सगळे सुटायला लागले. म्हणजे संध्याकाळी मी पुन्हा तबल्याशेजारी! माझा नंबर आला तसा ओरडलोच, गुन्हा नाकबूल. मग मी बोललो. जमावबंदीची नोटीस मला हातात मिळालेली नाही, असा मुद्दा काढला. साहेब म्हणाले ती तुमच्या चाळीच्या भिंतीवर लावली होती. मी म्हटलं, त्या भिंतीवर गोधड्या असतात. पब्लिक हसलं. मग साहेब म्हणाले, ठीक आहे, साक्षीपुरावा होईल, फिर्यादी अंमलदार रजेवर आहे, तारीख सव्वीस. नुसता जातमुचलका, म्हणजे तारखेला हजर राहीन अशी हमी, लिहून द्या आणि घरी जा. पैसे नकोत, जामीनदार नको.
मागे शामराव उभे होते. मी छाती काढून म्हणालो, मुचलका देणार नाही! टाळ्या पडल्या. शामरावांनीही वाजवल्या, मी स्वतः पाहिलं.
जेलच्या गाडीत बसल्यावर लक्षात आलं. परीक्षा बावीसला, तारीख सव्वीस. हरकत नाही. मुचलका कधीही देता येतो. वीस तारखेला देऊ.

१३ ऑक्टोबर
खरंच शांत आहे. कॉन्ट्रॅक्ट उघडलं. झोप लागली.

१५ ऑक्टोबर
ही शांतता माणसाला मारील. चिमण्या आहेत, त्याही हळू बोलतात. कोंडीरामच्या तबल्यावर निदान एक लय होती, पानं उलटायला बरं पडायचं. हे मला तेव्हा कुणी का सांगितलं नाही?

१८ ऑक्टोबर
आमच्या बराकीत माझ्याशिवाय एक म्हातारा खिसेकापू. त्याला टॉर्ट समजावून सांगत होतो. त्यानं मध्येच एक शंका विचारली. पुस्तक मिटलं. कैद्यांशी फार सलगी बरी नाही.

२० ऑक्टोबर
जगदीश मुलाखतीला आला. मुचलक्याचा कागद लिहूनच आणला होता, वकिलाला भेटून सगळी व्यवस्था केली होती. म्हणाला, इथे सही कर, आज संध्याकाळी घरी, सोमवारी परीक्षेला बस. राधानं पाठवलंय. शप्पथ घालून पाठवलंय.
पेन हातात घेतलं. किती झालंय, त्यानं विचारलं. कॉन्ट्रॅक्ट? ऑफरपर्यंत. टॉर्ट? खिसेकापूपर्यंत. क्रिमिनल लॉ? हिरव्या शाईपर्यंत.
पेन परत दिलं. म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न आहे, महाराष्ट्रासाठी. जगदीशनं पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं. मग म्हणाला, हेरंब, महाराष्ट्र तुझ्या सहीसाठी अडलेला नाही रे.
त्याला चळवळ कळत नाही.

२२ ऑक्टोबर
आता पेपर सुरू झाला असेल. ताट तसंच परत केलं. आमटी वाईट होती.

२६ ऑक्टोबर
कोर्ट. विचारलं, गुन्हा कबूल? कबूल म्हणालो. कोर्ट उठेपर्यंत कैद. साहेबांची दाढ दुखत होती, कोर्ट लगेच उठलं.
चाळीत हार, गुलाल, वकीलसाहेब झिंदाबाद. कोंडीरामचा तबला. शामरावांनी माझ्यावर भाषण केलं, त्यागमूर्ती म्हणाले. राधा दिसली नाही.

२८ ऑक्टोबर
राधा देवळात भेटली. मीच बोललो बराच वेळ. तत्त्व, त्याग वगैरे. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, नापास झाला असतात तर मी बाबांशी भांडले असते. तशी तयारी केली होती, काय काय बोलायचं ते पाठसुद्धा केलं होतं. पण तुम्ही बसलाच नाहीत. आता भांडू कशावर?
ती प्रसाद माझ्या हातावर ठेवून गेली.

९ नोव्हेंबर
राधाचा साखरपुडा झाला, दादरच्या इंजिनिअरशी. शामरावांनी मला आवर्जून बोलावलं आणि पाहुण्यांना त्यागमूर्ती म्हणून ओळख करून दिली. इंजिनिअर वाकून माझ्या पाया पडला. चांगला मुलगा आहे, मेला.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय.
परतताना जगदीश भेटला, त्याच्याकडून क्रिमिनल लॉचा पेपर मागून आणला. पहिलाच प्रश्न: बेकायदेशीर जमाव म्हणजे काय? अरे, हा तर माझा प्रश्न! यासाठीच तर मी आत गेलो. कागद घेऊन उत्तर लिहायला बसलो. कोंडीरामनंसुद्धा आज तबला काढला नव्हता. जमाव बेकायदेशीर ठरायला कमीत कमी किती माणसं लागतात? आम्ही सव्वीस होतो, एवढं पक्कं आठवतंय. कमीत कमी किती, ते काही केल्या आठवेना.
पुस्तकात बघावं म्हणून उठलो. पुस्तकं तुरुंगातच राहिली आहेत.