'नको' हे बटण मिळण्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
'सोबत' शब्दखेळ, ग्राहक विभाग

विषय : मृत खातेदाराच्या नावाने येणारी आमंत्रणे थांबवणे व आमंत्रणाखाली 'नको' हे बटण देणे.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज आणि त्या तिन्हींना आलेले आपले एकच उत्तर.

महोदय,

माझी आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. निवृत्तीनंतर ती थोरल्या बहिणीशी, म्हणजे माझ्या मावशीशी, आपल्या ॲपवर शब्दांचा खेळ खेळत असे. मावशी तिला 'धाकटी' म्हणते, म्हणून खात्याचे नाव 'धाकटी'. मावशीचे 'थोरली'. आई ३ जून रोजी वारली. खाते बंद करण्याची विनंती खातेदाराने स्वतः करावी, असे आपण तिन्ही वेळा कळवले आहे.

आई गेल्यावर आठवड्याभराने मावशीच्या फोनवर सूचना येऊ लागली : "धाकटी तुम्हाला बोलावत आहे." खाली दोन बटणे, 'येते' आणि 'नंतर'.

हे वाक्य लिहिणाऱ्याने ते खेळापुरतेच लिहिले असेल. पण मावशी ब्याऐंशी वर्षांची आहे, आणि त्या वयात बोलावणे येणे म्हणजे काय हे आपणांस सांगायला नको. यंत्र हे आपोआप पाठवते, असे मी तिला समजावले. ती म्हणाली, "अगं, तिने तीस वर्षं जगाचे फोन जोडून दिले. स्वतःसाठी एक लाइन लावली तर तुला नवल कसलं?" ॲप काढण्यासाठी मी फोन मागितला, तेव्हापासून तो तिच्या उशीखाली असतो.

'नंतर' दाबले की सहा तास शांतता मिळते. मावशीने सात आठवडे 'नंतर' दाबले. सुरुवातीला ती चेष्टाही करी : "थांब म्हणावं, पोरीच्या स्वेटरची एक बाही राहिलीये." तो स्वेटर माझा. बाही गेल्या रविवारी पूर्ण झाली.

सोमवारी सकाळी तिने कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. "सारखं नंतर नंतर म्हणणं बरं दिसत नाही. एकटी आहे ती तिथे." आणि तिने 'येते' दाबले. पडद्यावर आले : "धन्यवाद. धाकटी वाट पाहत आहे."

तेव्हापासून ती गोळ्या घेत नाही, दोन घोटांपलीकडे काही पोटात जात नाही. डॉक्टरांच्या मते तिला काहीही झालेले नाही. सामान बांधून झालेल्या माणसासारखी ती स्वस्थ पडून असते.

तरी विनंती की खाते बंद करावे. त्याआधी धाकटीच्या नावाने मावशीला एकच सूचना पाठवावी : "घाई नाही." ती माझे ऐकत नाही. तिचे ऐकेल.

तातडीचे कारण असे. आपल्याकडे तक्रार नोंदवण्यासाठी मला आपल्याच ॲपवर खाते उघडावे लागले. आज सकाळी त्यावर सूचना आली : "धाकटी आणि थोरली तुम्हाला बोलावत आहेत." त्या वेळी मावशी शेजारच्या खोलीत होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. 'नको' हे बटण मी बराच वेळ शोधले. तूर्त मी 'नंतर' दाबले आहे.

सहा तासांच्या आत उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
धाकटीची मुलगी

दि. ९ ऑगस्ट

जोडपत्र : मृत्यूचा दाखला, चौथ्यांदा. एकच आहे. दुसरा जोडण्याची वेळ आणू नये.